मॅक्सला घोडेगावच्या लिलावाला न्यायला हवं होतं

डॅरन अॅरोनॉफ्स्की या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘पाय’ नावाचा एक सिनेमा आहे, १९९८ सालचा. पाय म्हणजे गणितातला. शाळेत आपण ज्याला ‘बावीस छेद सात घ्या’ म्हणून निकालात काढलं, तोच. सिनेमा कृष्णधवल आहे. काळं तेवढं काळंकुट्ट, पांढरं तेवढं पांढरंफटक, मधल्या छटांना जवळजवळ मज्जाव.

मॅक्स कोहेन नावाचा एक गणिती न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये एकटा राहतो. म्हणजे एकटा नाही, सोबत युक्लिड आहे. युक्लिड हा घरी जोडलेला कॉम्प्युटर. त्याच्या वायरी इतक्या आहेत की खोलीत कॉम्प्युटर आहे की कॉम्प्युटरमध्ये खोली आहे, हे कळत नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीमागे आकड्यांची एक वीण आहे आणि ती सापडली की शेअर बाजारही उलगडेल, असं मॅक्सचं म्हणणं. एक दिवस युक्लिड २१६ आकडी संख्या ओकतो आणि राम म्हणतो. मॅक्स तो कागद फेकून देतो. आणि मग वॉल स्ट्रीटवाले त्याच्या मागे, ज्यू धर्मातला एक गूढ पंथ त्याच्या मागे, आणि डोकेदुखी तर लहानपणापासूनच मागे. गोळ्या, इंजेक्शनं, भास. कॉम्प्युटरमध्ये मुंग्या. शेवटी गडी भिंतीला भोक पाडायचं ड्रिल मशीन हातात घेतो आणि ते भिंतीला लावत नाही.

सुरुवातीला पडद्यावरून पायचे दशांश सरसर धावतात. जाणकारांनी ते ताडून पाहिले, तर पहिले मोजके बरोबर आणि पुढचे ठोकून दिलेले निघाले. गणिताच्या वेडावरच्या सिनेमात गणितच ठोकून दिलेलं! पेपरच्या शेवटच्या दहा मिनिटांत आपण सगळ्यांनी हेच केलेलं असल्यामुळे मला दिग्दर्शकाबद्दल तिथेच आपुलकी वाटली.

पण सिनेमा पुढे सरकला तसतसा मी अस्वस्थ व्हायला लागलो. भीतीनं नव्हे. मला सारखं वाटत होतं, की या माणसाचं सगळं चुकलंय ते पत्त्यामुळे. हाच मॅक्स आमच्या नगर जिल्ह्यात, (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीत अजून ‘एक नगर द्या’ असंच म्हणतात) जन्मला असता, तर हा सिनेमा वीस मिनिटांत आटोपला असता. आकड्यांच्या वेडाला आमच्याकडे अजिबात तोटा नाही. तोटा आहे तो एकांताचा.

मॅक्सच्या दाराचंच घ्या. त्याच्या दाराला कड्या-कुलपांची रांग आहे. तो भोकातून बाहेर बघतो, मग एकेक कुलूप उघडतो, बाहेर पडतो. अर्ध्या सिनेमाची भीती त्या कुलपांच्या खटखटीत आहे. आता या माणसाला नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापूरला नेऊन ठेवा. तिथे घराला कवाडं नसण्याची परंपरा. २०११ साली तिथं युको बँकेची शाखा निघाली, तर तिलाही कुलूप नाही म्हणून देशभर बातम्या आल्या. तिथे मॅक्सनं संशयी व्हायचं कसं आणि लपायचं कुठं? तो २१६ आकडी संख्येवर डोकं धरून बसला की शेजारची काकू पडदा सारून आत येणार, “विरजण आहे का रे थोडं?” न्यूयॉर्कमध्येही त्याला देवी नावाची एक भारतीय शेजारीण आहे आणि ती बिचारी त्याची काळजी करते, पण तिला तो दाराबाहेरच ठेवतो. दारच नसतं तर ठेवता आलं नसतं.

या सिनेमाची जी गोष्ट पडद्यावर दिसत नाही, ती आमच्या लोकांना जास्त चकित करते. तो बनला साधारण साठ हजार डॉलरमध्ये, आणि त्यातले पैसे मित्रांकडून, नातेवाइकांकडून शंभर-शंभर डॉलर गोळा केलेले. म्हणजे वर्गणी. भुयारी रेल्वेत परवानगीशिवाय शूटिंग, आणि पोलीस येतात का ते बघायला एक गडी उभा. इथपर्यंत आम्हाला सगळं घरचं वाटतं. नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकताना नागराज मंजुळ्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हापासून शहरात चहाच्या प्रत्येक टपरीवर किमान एक जण पटकथा घेऊन बसलेला असतो आणि त्याच्या समोरचा खिशावर हात ठेवून. पण ‘पाय’ला सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, सिनेमा विकला गेला, आणि शंभर देणाऱ्या प्रत्येकाला दीडशे परत मिळाले. वर्गणी परत मिळाली! वर पन्नास! मेंदू जिन्यात पडलेला दिसतो, त्याला मुंग्या लागतात, हे सगळं आम्ही मान्य करू. हे वर्गणीचं मात्र फारच अद्भुतरम्य झालं.

सिनेमा मी भाच्याच्या खोलीवर पाहिला, सावेडीत. तोही पटकथावाला. भाच्यानं सोबत त्याच्या सख्ख्या मामांना, म्हणजे माझ्या मेहुण्यांच्या मेहुण्यांना, बोलावलं होतं. नातं सांगायला पावकी-निमकी लागेल, म्हणून आम्ही सगळे त्यांना नुसतं मामा म्हणतो. भाच्याला वाटलं होतं, मामा झोपतील. मामा दहाव्या मिनिटाला पुढे सरकून बसले.

“ह्याचं लगीन झालंय का?”

“नाही मामा.”

“दिसतंयच. आणि वही कुठंय ह्याची?”

मामा हे आमच्या घराण्यातले मॅक्स. ऐन उमेदीची बरीच वर्षं त्यांनी मटक्याच्या आकड्यांचा अभ्यास केला. अभ्यास हा त्यांचाच शब्द. मामींनी त्या सगळ्या वह्या एका दिवाळीत बंबात घातल्या, आंघोळीचं पाणी उत्तम तापलं म्हणतात. एकच गव्हाच्या कोठीमागे पडून वाचली, ती मी पाहिली आहे. लांबट, पुठ्ठ्याची. सोमवार ते शनिवार सहा रकाने. प्रत्येक रकान्यात डावीकडे उभं तीन आकड्यांचं पान, मधे ठळक जोडी, उजवीकडे पुन्हा उभं पान. आकडे निळ्या शाईत. त्यांवरून तांबड्या रेघा तिरक्या धावतात. मागच्या मंगळवारचा ओपन या शुक्रवारच्या क्लोजला मिळाला की रेघ. सरळ मिळाला नाही तर ‘कट’नं मिळवायचा, म्हणजे पाच वाढवायचे, एकचा सहा, दोनचा सात. कटनंही मिळाला नाही तर आकडे उलटे करायचे. इतकं करूनही मिळाला नाही तर समासात एक बारीक टिपण असायचं: ‘फोडला.’ म्हणजे बाजार चालवणाऱ्यानं मामांचं सूत्र ओळखून मुद्दाम मोडला. सूत्र चुकलं, ही शक्यता त्या वहीत कुठेच नाही.

यात मला जे खरोखर विलक्षण वाटतं ते वेगळंच. मटका मुळात आला तो न्यूयॉर्कहून. तिथल्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईच्या कापूस बाजारात यायचे आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. १९६१ साली ते भाव यायचे थांबले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके मांडले, मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, पुढे पत्ते आले. म्हणजे १९९८ मध्ये मॅक्स न्यूयॉर्कच्या बाजारात आकडा शोधत होता, तर आमचे लोक त्याच शहराच्या बाजारात तीस-चाळीस वर्षं आधी शोधून, कंटाळून, स्वदेशी मडक्यावर आले होते.

गणित मात्र मडक्यातही बदललं नाही. शून्य ते नऊ, दहा आकडे. लागला तर रुपयाला नऊ. दहावा रुपया कुठे जातो हे शोधायला युक्लिड लागत नाही, तरी त्या दहाव्या रुपयात गावोगावच्या जमिनी गेल्या आणि मंगळसूत्रं गेली. मामांचं अर्ध्या एकरावर निभावलं. सिनेमात तो पंथ सांगतो की देवाचं खरं नाव २१६ अक्षरांचं आहे. मामा लगेच म्हणाले, “चार कमी पडतात.” मटक्यात तीन आकड्यांची पानं एकूण २२० असतात.

मग मॅक्सनं कागद कचऱ्यात टाकला तो प्रसंग आला. मामा उठूनच उभे राहिले. “आकडा आला आणि कागद फेकला? आरं, मग हा खेळणाराच नाही! ह्याला कशाला दोन तास बघायचं?” सिनेमा दीड तासाचाही नाही, हे भाच्यानं सांगून पाहिलं.

मामांच्या तरुणपणी आमच्याकडे आणखी एक रीत होती. रस्त्यात कुणी भान सुटलेला, स्वतःशी पुटपुटणारा माणूस दिसला, की त्याला पाणी विचारायच्या आधी चार जण त्याचे हातवारे मोजायचे. तीन वेळा डोकं खाजवलं, एकदा आभाळाकडे बघितलं, म्हणजे एकतीस. आकडा लागला तर तो बाबा. नाही लागला तर तो वेडा. मॅक्सच्या मागे शेअर बाजारवाली माणसं धावतात तेव्हा भाचा म्हणाला, हे किती अतिवास्तव आहे ना? मी आणि मामा गप्प बसलो.

अशा माणसांशी याच जिल्ह्यात कुणी निराळंही वागलं होतं. मेहेरबाबांनी १९३६ साली राहुरीला वेड्यांसाठी एक आश्रम काढला होता. ईश्वराच्या ओढीनं भान हरपलेल्यांना ते ‘मस्त’ म्हणत आणि त्यांना स्वतःच्या हातांनी आंघोळ घालत. डॉन्किन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं या मस्तांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलंय, १९४८ सालचं. त्यात आकडे खूप आहेत, पण लावायचे नाहीत. बाबांनी स्वतः १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. बराच काळ अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून ते बोलत. अमेरिकेत ‘पाय’ प्रदर्शित झाला तोही १० जुलैलाच. हे मी मामांना सांगायला नको होतं. “दहा, सात. एक आणि सात आठ,” मामा म्हणाले, “शनीचा आकडा.” आणि त्यांचा हात खिशाकडे, पेनाकडे गेला. भाच्यानं घाईनं सिनेमा पुढे ढकलला.

शिंगणापूरला जायला नगर–संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावला वळतात. वळण्याआधी घोडेगावचा कांदा बाजार लागतो. मॅक्सनं पाहायला हवा होता तो हा बाजार. शेअर बाजार फार तर माणसांनी चालवलेला असतो. कांद्याच्या बाजारात माणसं, ढग, दिल्ली आणि बांगलादेश असे चौघे मिळून आकडा काढतात.

लिलाव सुरू झाला की गोणी फोडून माल ओततात. व्यापारी दोन-चार कांदे हातात घेतो, एखादा दाबून बघतो, पत्ती उडवतो, चेहरा असा करतो की जणू कांद्यानंच त्याचा अपमान केलाय. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, गोल्टी. बोली इतक्या भरभर पुढे जाते, की आपला माल कधी आला आणि कधी गेला ते शेतकऱ्याला हिशेबाच्या पट्टीवर कळतं. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, एक-दोन वक्कलांना, म्हणजे ढिगांना, उच्चांकी भाव. ही बातमी वाचून सगळा तालुका हळहळतो. ते एक-दोन वक्कल कुणाचे असतात? मी आजवर ज्याला-ज्याला विचारलं, त्याचे नव्हते. त्याच्या ओळखीतल्याचेही नव्हते. न्यूयॉर्कच्या त्या पंथाला देवाचं नाव हवं होतं. आमच्याकडे ते दोन वक्कलवाले सापडले तरी पुष्कळ.

आणि सूत्र? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं. ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि शुल्क ४० टक्के. सप्टेंबरात शुल्क २० वर. १ एप्रिल २०२५ ला शून्य, आणि ती तारीख बघून पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसेना. चाळीस, बंदी, चाळीस, वीस, शून्य. घाला युक्लिडमध्ये. मुंग्या आपण होऊन बाहेर पडतील.

तरी चाळीत कांदा ठेवलेला प्रत्येक माणूस हे गणित रोज करतो. आज काढू की पंधरा दिवस थांबू? सड किती, भाव किती, मजुरी किती. ते कुलूप लावून, गोळ्या खाऊन करत नाही. पारावर बसून, मोठ्यानं, दुसऱ्याच्या कांद्याबद्दल सल्ला देत करतो. त्यामुळे भाव पडला की एकट्याचं डोकं फिरत नाही, गावाचं मिळून फिरतं. त्याला मग रास्ता रोको म्हणतात.

उसाचं वेड त्याहून शिस्तीचं. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून जिल्ह्याला दशांश चिन्हाची गोडी लागली. उतारा सव्वादहा की दहा, या पाव टक्क्यावरून मी सोयरिकी ताणलेल्या पाहिल्यात. असो. निवडणुका कायम जवळच असतात.

सिनेमात मॅक्सला जिन्यात एक छोटी मुलगी भेटते. तिच्या हातात कॅल्क्युलेटर. ती अवाढव्य गुणाकार विचारते आणि तो तोंडी सांगतो. सिनेमातला हाच काय तो हसरा भाग. मामांना तो उलटा वाटला. आमच्याकडे मोठी माणसं विचारायची आणि पोरांनी सांगायचं. पाहुणा चपला काढता-काढता विचारायचा, “औट नव्वे?” म्हणजे साडेतीन गुणिले नऊ. साडेएकतीस म्हणता आलं तर खाऊ, नाही आलं तर बापाकडे एक सूचक कटाक्ष.

याच जिन्यावर मला गणिती द. रा. कापरेकर आठवले. नगरकर त्यांना कधीमधी आपले म्हणून सांगतात, कारण राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा आहे. कापरेकर होते नाशिकजवळच्या देवळालीचे. देवळाली ती देवळाली, प्रवरेचं पाणी जसं खाली सोडतात तसं थोडं वर ओढून घ्यायलाही आमची हरकत नसते. जन्म डहाणूचा, १९०५ चा. नोकरी शाळामास्तराची, १९३० ते १९६२. वरची पदवी नाही. गणितातल्या मोठ्या लोकांनी त्यांना बरीच वर्षं किरकोळीत काढलं. ते आपली टिपणं स्वतः छापत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला कळलं की देवळालीच्या मास्तरांनी काय काय करून ठेवलंय.

वेड तेच, मॅक्सचंच. जन्मभर आकडे, जाता-येता आकडे. पण मास्तरांनी आपल्या संख्यांना नावं कशी दिली बघा. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो ती ‘हर्षद’, आनंद देणारी. जी दुसऱ्या कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही ती ‘स्वयंभू’. एकवीस तयार होते, पंधरामध्ये एक आणि पाच मिळवा. वीस काही केल्या होत नाही. शिंगणापूरची शिळा स्वयंभू आणि देवळालीचा वीस हा आकडा स्वयंभू. आता मॅक्सची झोप उडवणाऱ्या त्या २१६ कडे या. दोन, एक, सहा, बेरीज नऊ. २१६ भागिले नऊ, चोवीस, बाकी शून्य. हर्षद संख्या! ज्या आकड्यानं न्यूयॉर्कमध्ये माणसाच्या हातात ड्रिल आलं, त्याला आमच्या मास्तरांनी आनंददायक म्हणून कधीच नोंदवून ठेवलं होतं. शिवाय १०८ मण्यांच्या जपमाळेचे दोन फेरे झाले की २१६ होतात. आजी ते संध्याकाळी स्वयंपाकाआधी संपवायची, मधे फोडणीचं सांगत.

मास्तरांचा सगळ्यांत गाजलेला आकडा ६१७४. चार आकडी कुठलीही संख्या घ्या. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्याचं पुन्हा तेच. फार तर सात वेळा, आणि तुम्ही ६१७४ वर येऊन पोचता. तिथून पुढे हलत नाही.

सिनेमा संपल्यावर आम्ही चहाला प्रेमदान चौकात गेलो आणि मी ही गोष्ट मामांना सांगायची घोडचूक म्हणा, सत्कृत्य म्हणा, केली. टपरीवाल्यानं पुड्याचा कागद दिला. आधी सिनेमाचं साल, १९९८. ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. “नशीब असंल,” मामा म्हणाले. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ते १२९०, चार पायऱ्या, ६१७४. नगर वसलं ते १४९०, तीन पायऱ्या, ६१७४. नगरचं अहिल्यानगर झालं ते २०२४, चार पायऱ्या, पुन्हा तेच. “नाव बदललं तरी?” मामांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

तोवर आजूबाजूला गर्दी जमली. कुणी मोबाइलचे शेवटचे चार आकडे आणले, कुणी गाडीचे, एकानं एटीएमचा पिन मोठ्यानं सांगितला आणि मग जीभ चावली. सगळ्यांचं ६१७४. लोक एकमेकांना टाळ्या देत होते. मामा मात्र गंभीर. दहांतला एक गेला नाही, कुणी आकडा फोडला नाही, असा खेळ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

एवढ्यात पांढऱ्या मोठ्या गाडीतून एक भाऊ उतरले. गॉगल, पांढरे कपडे, मागे दोन पोरं. गाडीचा नंबर ७७७७. हा नंबर त्यांनी केवढ्याला घेतला ते सांगायला भाऊ नसले तर पोरं असतात. “आमचा करा,” भाऊ म्हणाले. भाच्यानं मांडलं. अंक उतरते लावले, ७७७७. चढते लावले, ७७७७. वजाबाकी.

टपरीवर शांतता पसरली. शून्याला पुढे कुठे न्यायची सोय नव्हती. चारी अंक सारखे असले तर मास्तरांची रीत चालत नाही, एवढीच तिची अट आहे, हे मी हळूच सांगितलं. भाऊंनी कागद हातात घेतला, गॉगल वर केला, टपरीवरच्या सगळ्या चिल्लर गाड्यांच्या नंबरांचं उत्तर एकेक करून वाचलं. मग पोराकडे न बघता हात मागे केला. पोरानं फोन दिला.

“हां, मी बोलतोय. आरटीओत ६१७४ मोकळा आहे का बघ. आणि काय रेट लावतेत ते विचार.”